खुर्च्यांची मांडणी

सोहारच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर,
मी सकाळी सहाला खुर्च्या लावते.
ऑफिसला तीन कोटेशनं दिली होती:
पाच दिवस वर्गात,
नाहीतर आठ संध्याकाळी ऑनलाइन,
नाहीतर थेट साइटवर, कंटेनरमध्ये, एसी चालू असलाच तर.
रमजान म्हणून त्यांनी चौथंच काढलं:
तीन दिवस, नऊ ते दोन, चहा वजा.
माणशी अडीच रियाल वाचले,
तेही मी रकान्यात लिहिले.

खूरी सर बैरूतचे. त्यांना मांडणी
घोड्याच्या नालेसारखी लागते,
म्हणजे कुणाला कुणाच्या पाठीमागे लपता येत नाही.
पंधरा नावांच्या पट्ट्या, पंधरा पेन्सिली,
माणसं चौदा.
पंधरावा शटडाउनवर अडकलाय.
त्याची पट्टी मी उचलत नाही.

पहिला दिवस बाणांचा आणि पट्ट्यांचा.
फ्लोट म्हणजे, सर म्हणाले,
जेवढा उशीर शेवटाला कळत नाही तेवढा.
मी मागे हजेरीपट घेऊन बसलेली,
या किनाऱ्यावर तेरावं वर्ष.
उगाच पानं सारखी केली.

दुसऱ्या दिवशी कमाई.
ठरलेलं काम, झालेलं काम, उडालेला पैसा.
तीन रेघा एकाच कागदावर निघतात
आणि आठवड्याभरात एकमेकींना ओळख देत नाहीत.
उदाहरणाला सरांनी कुंपण घेतलं, चार बाजू, चार दिवस.
बद्रिया मकबाली म्हणाली, कुंपण नको,
फलज घ्या, आमच्या गावचा.
आणि उठून निळ्या मार्करनं काढलाच:
डोंगर, त्याच्या पोटातलं भुयार,
माती उपसायला वर उघडणारी भोकं,
शेवटी एक खजूर, जरा वाकडा.

समजा नव्वद टक्के खोदून झालाय, सर म्हणाले,
कमावलं किती?
कुणी नव्वद म्हणालं.
कुणी आधी खर्च विचारला.
बद्रिया म्हणाली, शून्य. पाणी कुठं आलंय?
शाब्बास, हाही एक नियम आहे:
पुरं झालं तर शंभर, नाहीतर काहीच नाही.

तेव्हा परकार बोलले.
इब्राहिम परकार, हर्णैचे, पायपिंगचे फोरमन,
साहेबाची सीट फुकट जाऊ नये म्हणून पाठवलेले.
दोन दिवस पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे
त्यांनी काही केलं नव्हतं.
माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले,
"ताई, जरा सांगा त्यांना.
एक्स-रे पास होईस्तोवर माझ्या वेल्डलाही शून्यच मिळतो.
ते कबूल.
पण शेवटची कुदळ ज्यानं मारली,
तो उभा कशावर होता?"

मी सांगितलं.
इंग्रजीत ते वाक्य लहान झालं.
सरांनी मार्कर उघडला, बंद केला.
याला रकाना नाही, म्हणाले,
आणि नमाजाची सुटी पाच मिनिटं आधीच दिली.

तिसऱ्या दिवशी अभिप्रायाचे कागद.
बहुतेकांनी सगळीकडं पाच तारे दिले, बस खाली उभी होती.
'मांडणी कशी वाटली' याच्यापुढं परकारांचं अक्षर,
लाकडावर खुणा कराव्यात तसं:
गोल बरी. पंधरावा कोण होता?

दोन वाजता मोनिरुल फडकं घेऊन आला.
मगरिबला इथं बँकेचा इफ्तार,
दहा-दहाची टेबलं लागायची आहेत.
फळ्याचा तो कोपरा सरांनी दोन दिवस राखला होता,
बाकी सगळी सूत्रं त्याच्या कडेकडेनं लिहिलेली.
हे काय, नदी? मोनिरुलनं विचारलं.
म्हटलं, अजून नाही.
त्यानं मान हलवली
आणि झाडाकडून पुसायला सुरुवात केली.