काखेतली तलवार

शनिवारी सकाळी दहाला
उदगीरच्या किल्ल्यामागच्या माळावर
मी पहिल्यांदा मेलो.

आदल्या रात्री मेव्हण्यानं स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या,
कारण निजामाच्या बाजूनं कुणी उभं राहीना.
माझ्या चिठ्ठीवर : निजाम, पायदळ, लवकर मरणे.
मल्लूच्या चिठ्ठीवर : मराठे, घोडदळ.
तेरा वर्षांचं पोरगं, रात्रभर झोपलं नाही.
घोडे मात्र दोनच, दाऊदभाईंच्या वरातीचे,
हलगी वाजली की लढाई सोडून
जागच्या जागी नाचायला लागणारे.
बाकीचं घोडदळ मग पायीच निघालं
तोंडानं टापा वाजवत.

अंगरखे लातूरच्या नाटकवाल्याचे.
डांबरगोळ्यांचा वास, बगलेत उसवलेले,
गळपट्टीला आतून पेननं कुणाचं तरी नाव,
ते खोडून दुसरं, तेही खोडून तिसरं.
तोफ म्हणजे बोअरचा पाइप, काळा रंगवलेला,
पोटात सुतळी बॉम्ब.
शिवकांता म्हणाली, मरताना चष्मा माझ्याकडं द्या,
मागच्याच महिन्यात नंबर बदललाय.

म्हणून मला मारायला कोण आलं
ते नीट दिसलंच नाही.
धुरातून एक पिवळं पागोटं धावत आलं,
तालमीत ठरल्याप्रमाणं
पत्र्याची तलवार काखेत घातली,
मी ती दंडानं दाबून धरली आणि आडवा झालो.
तेव्हा जवळून दिसलं.
ओठावर काजळाची मिशी,
तिच्याखाली खरी, आत्ताच फुटू लागलेली.
तलवार ओढून घ्यायचं विसरून
मल्लू तसाच उभा.
"जा की रे," मी मेल्या तोंडानं म्हणालो,
"मागून तुझी फौज येलाली."

मेलेल्याला बरंच काही दिसतं.
एक मुंगी मनगटावरून निघाली,
घड्याळाच्या पट्ट्याच्या पांढऱ्या खुणेपाशी थांबली,
आणि परत फिरली.
पाठीखाली एकच खडा, नेमका मणक्याखाली.
लाउडस्पीकरवर गुरुजी सांगत होते :
सतराशे साठ, फेब्रुवारी,
किती माणसं पडली यावर एकमत नाही.
शेजारी पडलेला तहसीलचा शिपाई पुटपुटला,
"दोघं तर आपणच, तेवढं तरी लिहून घ्या म्हणावं."

मग गिरिजा दोरीखालून निसटून आली.
"पप्पा, काय करलालाव?"
मेलोय.
"किती वेळ?"
शिट्टी वाजेपर्यंत.
ती उकिडवी बसली,
एका तळव्यानं माझ्या डोळ्यांवर सावली धरली
आणि दुसऱ्या हातानं माझ्या तोंडात
एकेक भाजका शेंगदाणा घालत राहिली.
निजामाचा मुडदा चावतोय म्हणून
सगळा मांडव हसला.
शिवकांता तेवढी हसली नाही,
तिच्या हातात माझा चष्मा होता.

रविवारी बाजू बदलल्या.
मी मराठ्यांकडं, दाऊदभाईंच्या तोफेपाशी.
ते दोन्ही दिवस मराठ्यांकडंच :
घोडे त्यांचे, बॉम्ब त्यांचे, काडेपेटीही त्यांचीच.
"काल तुम्हाला उडवलं ते आम्हीच बरं का," म्हणाले,
आणि अर्धी बिडी पुढं केली.
मल्लूनं मात्र पागोटं घडी करून परत दिलं.
पोट दुखतंय म्हणाला.
मेव्हणा चिडला, एक माणूस कमी पडतोय म्हणून.
पोट दुखणारा पोरगा मग दिवसभर
पाण्याचे जार उचलत राहिला,
या बाजूला, त्या बाजूला,
पडलेल्यांपाशी जरा जास्त वेळ.

संध्याकाळी एका मोटरसायकलवर चौघं.
टाकीवर गिरिजा पेंगलेली,
पाठीशी मल्लू, त्याच्या मागं शिवकांता.
नळेगाव रस्त्याला लागल्यावर
कानाजवळ आवाज आला :
"काल लागलं का?"
नाही रे. काखेतून गेली.

मग तो काही बोलला नाही.
त्याचा हात तेवढा पुढं आला
आणि बरगडीजवळ, नेमका तिथं,
माझा शर्ट मुठीत धरून राहिला.
खड्डा आला की
मूठ आवळायची.