डावं पान

नाताळची उपासना सुटली की
मागच्या खोलीत आम्ही तिघं दार लावून बसतो:
मी, आवळे शिपाई आणि सुवार्ताबाई सातराळकर,
ज्यांचा चष्मा मोजणी संपेपर्यंत सापडत नाही.
मखमली थैल्या पालथ्या करायच्या.
आधी नाणी, मग चुरगळलेल्या नोटा, मग पाकिटं.
एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं मी हेच केलं,
फक्त तिथं कंडक्टर घाईत असायचे.

यंदा पाळकांनी आधीच सांगितलं होतं,
अर्पण छपरासाठी नाही.
(छप्पर तीन पावसाळे गळतंय. ऑर्गनवर प्लॅस्टिक आहे.)
घर सोडून आलेल्यांसाठी, म्हणाले,
ज्यांना यावं लागलं, त्यांच्यासाठी.
पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
छपराची वर्गणी दोनदा दिलेलं.

सुवार्ताबाईंनी दरवर्षीची गोष्ट काढली.
त्यांची आई वळिवड्याच्या छावणीत दूध घालायची,
लढाईच्या दिवसांत, पोलंडच्या बायकांना.
एकीनं आईला लोकरीचा मोजा विणून दिला. एकच.
"कोल्हापूरनं कुणाला परत धाडलं नाही," बाई म्हणतात
आणि दरवर्षी इथंच थांबतात.
दुसऱ्या मोज्याचं मी कधी विचारलं नाही.

पन्नासच्या चार नोटा मी बाजूला काढल्या.
काळी बोटं उमटलेली. शाई नव्हे, ग्रीस नव्हे.
आवळेनं नाकाला लावून बघितल्या.
"फौंड्रीची वाळू. शिरोलीची.
धुतली तरी जात न्हाई, माझ्या पोराची उशी बघा."
पाकिटावर काही लिहिलेलं, गोल गोल,
प्रत्येक अक्षरानं डोक्यावर छत्री धरल्यासारखी.
आम्हाला तिघांनाही वाचता येईना.
नाव असणार.
मी वहीत, डाव्या पानावर, लिहिलं:
एक सभासद, रु. २००.
मग 'सभासद' खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

शनिवारी लक्ष्मीपुरीतून ब्लँकेटं घेऊन निघालो.
हायवेवर उसाची ट्रॉली कलंडलेली,
टेम्पो तासभर जागचा हलेना.
आवळे उतरला आणि दोन कांडी घेऊन आला.

खोली एक, माणसं अकरा.
पाच उठली की सहा झोपतात.
मुकादमाच्या यादीतली नावं मी मोठ्यानं वाचत गेले.
जुनास दिगाल.
एक बारका माणूस पुढं आला, हात पुसत.
पुसून काही होत नव्हतं.
मी ते हात ओळखले.
तो ब्लँकेटला शिवेना.
अडखळत, हिंदीत म्हणाला, माझं नाव खोडा.
मी यात पैसे टाकलेत.
आमचं घर जळलं तेव्हा मला कुणीतरी चादर दिली होती.
ही दुसऱ्या कुणाची.

"चर्चमध्ये येतोस?"
दीड वर्ष, म्हणाला. दाराजवळच्या बाकावर.
दीड वर्ष दर रविवारी
त्या बाकापर्यंत थैली मीच नेते.
त्याच्या हाताशी धरते, थांबते, मागं घेते.
मी थैलीकडं बघत असते.

कोपऱ्यात रात्रपाळीचं एक पोरगं झोपलं होतं,
गुडघे पोटाशी, अंगावर सिमेंटचं पोतं.
जुनासनं ब्लँकेट घेतलं, त्याच्यावर टाकलं,
आणि माझ्याकडं असं बघितलं
की मी यादीवर टिक करायची का नाही, कळेना.

निघताना आठवलं. पर्समधून पाकीट काढलं.
"हे तुझं नाव ना? कसं वाचायचं?"
तो पहिल्यांदा हसला.
नाव नाही, म्हणाला. गाव आहे.
आता तिथं आमचं कुणी नाही,
पण पैसे गावाकडून.

रात्री वही उघडली.
'सभासद' तिसऱ्यांदा खोडलं.
त्यावर गावाचं नाव लिहिलं, त्यानं सांगितलं तसं.
चुकलं असेल.
रविवारी विचारीन.