पश्चिमेकडची भिंत

मुलाने पुण्याहून एक्सेल पाठवलं,
चौकोनाला चौकोन लागलेले, रंग भरून :
कौलं उतरवणं निळं, स्लॅब तांबडा, प्लास्टर पिवळं,
आणि सगळ्यात शेवटी, वीस मे,
एक हिरवा चौकोन. पूर्ण.
मी ते पोस्टातल्या प्रिंटरवर काढलं.
शाई संपत आलेली,
हिरवा चौकोन पांढराच आला.

गुणाजी मेस्त्रीने कागद उलटासुलटा करून पाहिला.
"बाय, ह्यात भराडीची जत्रा खंय आसा?"
म्हटलं, तारीख अजून ठरली नाही, देवीला विचारून ठरते.
"मगे ह्या कसा ठरला?"

तेव्हा पायरीवर बसून आम्ही
अख्खं वर्ष चाळणीत घातलं.
पावसाचे चार महिने, त्यावर बोलायचंच नाही.
गणपतीत थापी कोण हातात धरणार.
मग भातकापणी, गुणाजीची आणि त्याच्या दोन्ही गड्यांची.
वाळू? लिलाव झाला की कळवतो,
असं वाळूवाला तीन वर्षं कळवतोय.
जत्रा, मग कुणकेश्वर, मग शिमगा,
आणि पालखी देवळात परतते न परतते
तोच आंबा. पेट्या भरायला रोज जास्त मिळतो,
भिंतीला कोण विचारतंय.
चाळणीत उरले दिवाळीनंतरचे त्रेसष्ट दिवस.
त्यातले काही गुणाजीच्या गुडघ्याचे.
नळाचं काम बस्त्यावकडे, पण रविवारी नाही,
आणि मेव्हण्याच्या होडीला सुरमई लागली तर त्या दिवशीही नाही.

तरी कागदावर सगळ्यांना जागा झाली.
सिमेंटच्या गोण्या पडवीत,
कपाट शेजारी सावंतिणीकडे,
देव बहिणीकडे, हिंदळ्याला, रिक्षाने.
मांजरीचासुद्धा विचार झाला.
फक्त बावीस दिवस जेवण कुठे शिजणार
हे एकाही चौकोनात नव्हतं.
आणि विसरले कोण, तर मीच.

तर मांगरात.
तीन चिरे मांडून चूल, बाजूला पाण्याची कळशी,
मिठाचा डबा गवताच्या भाऱ्यावर.
मांगराला पश्चिमेची भिंत नाही, कधी नव्हतीच.

सव्वीस वर्षं ज्या ओट्याशी मी उभी राहिले
त्याच्या समोर भिंत.
भिंतीवर तेलाचे ठिपके, खिळ्याला उलथणं,
आणि पलीकडे समुद्र,
जो मला फक्त ऐकू यायचा,
कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे.
आता तांदूळ धुता धुता
तांबळडेगच्या अंगाला रापण ओढताना दिसते,
माणसं दोरावर मागे रेललेली,
वाटावं, समुद्र नाही, किनाराच खेचून नेतायत.
पहिल्या आठवड्यात दोनदा भात खाली लागला.
जेवणारे गप्प जेवले.

पंधराव्या दिवशी मी तो कागद मागून घेतला.
"प्लास्टर, आतून" ह्या पिवळ्या चौकोनात
पेनाने लिहिलं :
खिडकी. तीन बाय चार. ओट्यासमोर.

"खारो वारो येतलो, बाय," गुणाजी म्हणाला.
"गज खातलो. मिक्सर खातलो. डबे खातलो."
खाऊ दे.
एवढी वर्षं घरादाराला वाढलं,
त्यात वाऱ्याचं एक पान.
ह्यांनी नुसतं विचारलं, किती होतील?
मी आकडा सांगितला. माझ्या आरडीतला होता.

भिंत फोडून चौकट बसेपर्यंत दोन दिवस.
संध्याकाळी मुलाचा फोन,
आई, दोन दिवस आणायचे कुठून?
एक चौकोन हलला की पुढचे सगळे सरकतात.
सरकू देत, म्हटलं,
शेवटचा तसाही छापून आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी गुणाजीने कानावरची पेन्सिल काढली,
चिऱ्यावर चौकट आखली, थोडी तिरपी,
आणि मागे सरून म्हणाला,
"उजवीकडे घेव काय जरा? माड आड येता."
मी ओट्याशी जाऊन उभी राहिले.
ओटा नव्हता, त्याच्या जागेवर,
चुऱ्यात, चपला घालून,
हात पुढे, कढई धरल्यासारखे.
भिंत अजून भिंतच होती.
म्हटलं, घ्या. अजून चार बोटं.