खिळे

सकाळी साडेसहाला विनीत रात्रपाळीवरून येतो,
रबाळ्याहून, कंपनीच्या बसने,
आणि जेवणाच्या टेबलावर शाळा मांडलेली असते म्हणून
ओट्याशी उभ्यानेच चहा पितो.
हनोख तोवर पाढे म्हणायच्या ऐवजी
खिडकीतून खाडीपल्याडचे विजेचे मनोरे मोजतो.
सतरा. रोज सतराच भरतात.
मी वहीत लिहिते : गणित झालं.

ऐरोलीत आमच्या सोसायटीला वाटतं
पोराला काहीतरी आजार आहे.
लिफ्टमध्ये बायका त्याच्याकडे पाहून
मला हळू आवाजात विचारतात.

गुरुवारी रणदिवेबाईंकडे प्रार्थनासभा.
विनंत्या सांगायची वेळ येते :
कुणाचा गुडघा, कुणाचा व्हिसा,
कुणाच्या पोरीचं औंदा तरी जमावं.
माझी पाळी आली की मी म्हणते, हनोखसाठी.
पाळकसाहेब म्हणतात, तुम्हाला देवानं कृपा दिलीय ताई,
आणि संडेस्कूलचा आणखी एक वर्ग देतात.
दुपारी तीनच्या सुमाराला
ती कृपा संपते तेव्हा काय करायचं,
हे विचारायचं राहून जातं.

मग आबा आले नगरहून, मोतीबिंदू काढायला.
पिशवीत बाजरी, शेंगदाण्याची चटणी,
आणि पहिल्याच रात्री, ताट सारून :
माझ्या आज्जाला शाळेच्या पायरीवर टेकू देत नव्हते.
मिशनच्या शाळेनं आत घेतलं.
तिथून आपण माणसांत आलो.
आणि तू पोराला बाहेर काढलंस?

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.
पत्रावळीएवढा पसरट अपमान तर मला परतवता येतो,
पण हा अपमान नव्हता. हे खरं होतं.
शाळेत हनोख बाकाखाली जाऊन बसायचा, हेही खरं होतं.
दोन्ही खरी रात्रभर माझ्या उशाशी बसून राहिली.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आबा टेबलाशी.
हनोख ग काढत होता.
काठी डावीकडे, आकडी उजवीकडे, नेहमीसारखा.
मी खोडरबर उचलला.

थांब, आबा म्हणाले. बरोबर काढलाय.
बत्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले मी.
खिळा असाच असतो.
कागदावर सरळ उमटायचा तर
हातात उलटाच घ्यावा लागतो.

त्यांनी बटाटा मागितला, मग सुरी.
दुपारपर्यंत चार बटाटे गेले,
माझी निळी शाई गेली, टेबलक्लॉथ गेला,
आणि वाण्याच्या बिलामागे पाच वेळा उमटलं
वाकडंतिकडं, पण सरळ : हनोख.
तो खुर्चीवर उभा राहून ओरडला.
आतल्या खोलीत विनीत झोपेतून दचकून उठला.

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत
आबा जुन्या वळणाने, लांबलचक, सगळ्यांसाठी मागत गेले,
आजारी, प्रवासी, विधवा, सरकार,
आणि मधेच म्हणाले, एस्तेर.
सूनबाई नाही. हनोखची आई नाही.
एस्तेर दमते, बापा. तू बघतोस.
मी डोळे मिटूनच ठेवले,
आमेन झाल्यावरही जरा वेळ.

जाताना बसस्टँडवर म्हणालेच ते,
जूनमध्ये तरी घाल शाळेत.
मी म्हटलं, बघू.
फ्रीजवर अजून एक बटाटा आहे, सुकून सुपारीएवढा झालेला.
हनोखचा ग कधी सरळ येतो, कधी नाही.

परवाच्या गुरुवारी माझी पाळी आली.
म्हटलं, माझ्यासाठी.
रणदिवेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
पेन वहीवर टेकवून विचारलं,
तुझ्यासाठी म्हणजे, काय लिहू?

म्हटलं, काही नको.
नुसतं नाव लिहा.