केसभर

तुम्ही विचारता, आवडता सिनेमा कुठला,
आणि मी सांगतो तो काळा-पांढरा, परक्या मुलखातला,
ज्यात मारामारी नाही, गाणं नाही,
बारा माणसं, एक टेबल, कोपऱ्यात शेगडी,
खिडकीबाहेर बर्फ, आणि दाराला बाहेरून कुलूप.
एका पोराला फाशी द्यायची की नाही
एवढंच ठरवायचं.
तुम्ही हसता. आमची ही पण हसते.
"दोन तास नुसती मिटिंग बघतायसा व्हय?"

व्हय. मिटिंगच.

शाहू स्मारकला फुकट होता म्हणून गेलो.
उद्यमनगरात लाइट नव्हती, लेथ बंद,
हाताला कटिंग ऑइलचा वास;
शेजारची बाई एक खुर्ची सोडून सरकली.
पडद्याखालची अक्षरं निम्मी कळली नाहीत.
हात मात्र कळले.
अकरा वर. एक टेबलावर.
तो माणूस जाडा, सर्दी झालेला, कोटसुद्धा न काढलेला.
सगळे बघायला लागले तसं त्यानं नाक पुसलं
आणि म्हणाला,
ते साक्षीचं पान परत एकदा वाचा.

तिथं मी उठून बाहेर आलो.
पायरीवर उभा राहिलो, बिडी न पेटवता.
मग परत आत गेलो.

कारण आमच्यात तो बारावा नव्हता.

उत्तरेश्वर पेठेतली तालीम, सत्याऐंशी साल,
वर्गणीतले अकराशे रुपये गेलेले.
हौद्याच्या कडेला आम्ही सगळे मांडी घालून.
सातापा वस्ताद म्हणाले, पेटीची किल्ली कुणाकडं?
चंदर आरगेकडं.
त्याच आठवड्यात त्याच्या आईला सीपीआरला औषधं लागलेली,
बाहेरची, महागडी.
पैसं कुठनं आणलंस, हे कुणी विचारलंच नाही.
'विचारायचं काय त्यात,' असं कोणीतरी बोललं,
आणि ते कोणीतरी मी असेन बहुतेक.
हात वर करा म्हणाले.
माझा दुसरा किंवा तिसरा.
मला गंगावेशीत जायचं होतं,
कट्ट्यावर म्हशी आल्या होत्या,
उशीर झाला की धारोष्ण पेला चुकायचा.
तेवढ्यासाठी.

चंदर मान खाली घालून लाल माती उकरत बसलेला,
बोटानं, एकाच जागी.
पुढं इचलकरंजीला मागावर गेला म्हणतात.

मी लेथवर पस्तीस वर्षं काढली.
सूत तर लांबच, केसभर फरक पडला तरी जॉब बाद.
मायक्रोमीटर दोनदा फिरवायचा,
कापडानं पुसून तिसऱ्यांदा,
मग सही.
लोखंडाला एवढा मान दिला मी.
चंदरला नुसत्या डोळ्यानं मापलं.

पैसे कुणी नेले, अजून माहीत नाही.
चंदरनं नेलेही असतील.
सिनेमातही कळत नाही शेवटपर्यंत,
पोरगं सुटतं, खून कुणी केला ते बर्फात राहतं.
बाहेर पडताना ती बाई कुणाला तरी म्हणाली,
शेवट अपुरा वाटतो.
मला तेवढाच पुरा वाटला.

आमच्या गल्लीतले वकील सांगतात,
आपल्याकडं ज्यूरी कधीच बंद झाली.
मी म्हणतो, कोर्टात.
गल्लीत कुठं बंद झालीय?

आता नातवानं फोनवर लावून दिलाय.
सात वेळा झाला असेल.
हात वर होतात तिथं मी थांबवतो,
चष्मा पुसतो, आणि मोजतो.
अकरा वर, एक खाली.
परत मोजतो.
काच काळी आहे, त्यात माझंही तोंड दिसतं,
आणि एक हात जास्त भरतो,
वर.

आतनं ही विचारते,
"झाली का मिटिंग?"

नाही अजून.