एकोणीस फळ्या

जुनी होडी मोडीत काढली, तेव्हा डॉन एर्मोहेनेस म्हणाला,
"बाई, लाकूड नेता का? शेगडीला बरं."
चिलोएत लाकूड कोण सोडतं?
नेलं. पण जाळलं नाही.

एकोणीस फळ्या कापून घेतल्या,
व्हरांड्यात ओळीनं ठोकल्या,
प्रत्येकीच्या कपाळाला एक खिळा.
फळा माझा, मी वर्गाला सांगितलं,
फळ्या तुमच्या.

"विषय काय?"
नाही.
"किती ओळी?"
मोजणार नाही.
"गुण?"
मी लाल पेन उचललं, खाडीत भिरकवावं म्हणून.
मग किंमत आठवली. खणात ठेवलं.

पहिला आठवडा असाच गेला.
लिसेत्तेनं स्वतःचं नाव अकरा वेळा लिहिलं.
एकानं भूगोलाच्या पुस्तकातून
आमच्याच बेटाची माहिती उतरवून काढली,
खिडकीबाहेर न बघता.
अमारोनं लिहिलं:
आमच्या कोंबडीला माझा राग येतो.
बस, एवढंच.

दुसऱ्या सकाळी त्याखाली पेन्सिलीनं
तिरकं, ओलसर अक्षर:
माझ्याही. कारण कळलं तर कळव.

टपाल घेऊन येतो त्या होडीवाल्याचं.
अमारो दिवसभर बाकावर टेकेना.
बाई सोडून कुणीतरी वाचलं होतं.
रात्रीत त्यानं चार पानं लिहिली.
"कोंबडी" तीन तऱ्हांनी.
माझा हात शिवशिवला.
मी तो खिशात कोंबला.

मग निळे बटाटे आले, आजोबांची कवळी आली,
वाऱ्यात छपराचे पत्रे काय बोलतात ते आलं,
आणि चर्चला निघालेल्या बायका
जवळची वाट सोडून
आमच्या व्हरांड्यातून जाऊ लागल्या.

एल्सिरा गिनेओनं मंगळवारी लिहिलं.
काय, ते इथे सांगणार नाही.
होडीवाल्यानं वाचता वाचता टोपी काढली
आणि पेन्सिल खिशातच ठेवली.

गुरुवारी ती दाराशी.
"बाई, काढू का?"
किती सुरेख लिहिलंयस गं, राहू दे की,
अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.
"फळी कुणाची?"
"माझी."
"मग मला काय विचारतेस?"

तिनं कागद काढला,
आठ घड्या घातल्या,
मोज्यात सरकवला
आणि गणिताला जाऊन बसली.

जूनमध्ये साहेब आले, बूट भिजलेले.
फळ्यांवरून बोट फिरवत गेले, मध्येच थांबले.
"ही रिकामी?"
"नाही," मी म्हटलं.
त्यांनी पुन्हा पाहिलं. खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं.
चहा प्यायले, तक्ता भरला:
लिहिणारी मुले, एकोणीसपैकी अठरा.

बूट वाळत घालायला ते शेगडीपाशी गेले,
तेव्हा मी खण उघडला.
त्या वर्षी लाल पेन
एकदाच वापरलं.