लीस्ट काउंट

तीन वर्षांपूर्वी ग्रंथी काढली,
बाटलीत घालून तपासणीला गेली.
विषय संपला, असं मी भोसरीच्या जुन्या मंडळींना
टपरीवर सांगूनही टाकलं.

मग रक्तातला आकडा सरकू लागला.
शून्य दशांश शून्य आठ. तेवीस. एक्केचाळीस.
ही टिंबामागची चिल्लर चारचौघांना कळत नाही.
मला कळते. टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मायक्रॉन मोजले,
केसाहून बारीक फरकापायी अख्खा लॉट परत पाठवला,
आणि शिव्या खाल्ल्या.

एरंडवण्यातलं तळघर.
घड्याळ, कवळी, पट्टा ट्रेमध्ये.
अंगठी निघेना.
सुलोचनेनं साबण लावून पिळून काढली
आणि स्वतःच्या अंगठ्यात घालून बसली.

"काका, ग्राइंडिंगचं काम केलंय कधी?
डोळ्यात लोखंडाचा कीस?"
गेला होता. एक्क्याऐंशी साली. ससूनला काढला.
तरी आधी डोळ्यांचा एक्स-रे.
पोरगी पक्की आहे,
माझ्या हाताखाली असती तर टिकली असती.

जन्मभर जॉब हातात घेतला,
आज मीच जॉब, पट्ट्यांनी आवळलेला.
मुठीत रबरी फुगा: भीती वाटली तर दाबा.
मग साठ टनी प्रेस सुरू झाला,
थांबला, सूर बदलला, पुन्हा सुरू.
दंडातून काहीतरी गार चढत गेलं.
मी प्रेसचे ठोके मोजत होतो.
दोनशे बारानंतर चुकलो.

डॉक्टर हुपरीकरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला.
राखाडी, राखाडी, आणि एक उजळ दाणा.
मूत्राशय नळीला शिवलं होतं तिथे, जोडावर.
सात मिलिमीटर.

सुलोचना खाली बघू लागली.
मी पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं:
डावीकडे, शिवणीच्या किंचित मागे.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
आठ महिने आकडा नुसता म्हणत होता, खोट आहे.
कुठे, ते सांगत नव्हता.
आता किरणांना पत्ता आहे.

"बाकी कुठे काही दिसत नाही," ते म्हणाले.
दिसत नाही. नाही, असं म्हणाले नाहीत.
प्रत्येक यंत्राला लीस्ट काउंट असतो,
त्याखालचं यंत्र बोलत नाही.
मी मान डोलावली. हा माणूस जपून बोलतो.

नळस्टॉपच्या सिग्नलला रिक्षा थांबली.
अंगठ्यातली अंगठी फिरवत तिनं विचारलं,
परत जाईल का बोटात?
सांधा सुजलाय, म्हणालो.
रात्री बघू.